निलूचे गुडघे

निलू आमच्या घरी आली ती टाचा न टेकता. विलासमामानं तिला रिक्षातून उतरवून फाटकाशी उभं केलं, तर ती चवड्यांवरच उभी राहिली. गुडघे एकमेकांना घासत होते आणि दोन्ही हातांनी फाटकाची सळई घट्ट धरलेली. मला वाटलं, आत डोकावता यावं म्हणून अशी उभी आहे. आई म्हणाली, "अगं, पाय टेक की नीट." त्यावर मामा म्हणाला, "टेकत नाहीत अक्का. म्हणून तर घेऊन आलोय." ती साडेपाच वर्षांची होती आणि मी नुकती बारावीत गेले होते.

आमचं घर फरीदाबादच्या एका नव्या सेक्टरात होतं. नवं म्हणजे निम्मे प्लॉट रिकामे, त्यात गाजरगवत आणि डुकरं, आणि उरलेल्या निम्म्यांत कुणाचं ना कुणाचं बांधकाम. दिवसभर कुठेतरी संगमरवर कापायचं यंत्र किंचाळत असायचं. वीज गेली की घरोघरचे जनरेटर सुरू व्हायचे आणि माणसं एकमेकांशी ओरडून बोलायची. बाबा ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन होते. आई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची आणि सकाळची शटल ट्रेन पकडायला साडेसहालाच घराबाहेर पडायची. जाण्याआधी ती कुकर लावून ठेवायची, त्यामुळे माझी झोप रोज तिसऱ्या शिट्टीला मोडायची. शेजारपाजारी राजमा शिजत असताना आमच्या घरातून चिंचगुळाच्या आमटीचा वास यायचा आणि भाटिया आंटी भिंतीपलीकडून विचारायच्या, "आज फिर मीठी दाल?" आम्ही घरात मराठी बोलायचो खरं, पण माझी मराठी आईच्या शाळेतल्या मुलांसारखीच होती, अर्धी हिंदी, अर्धी अंदाजानं. निलू साताऱ्याकडच्या खेड्यातून आलेली. तिच्या तोंडचे कितीतरी शब्द मला ठाऊक नव्हते. "लवणीत दुखतंय," असं ती म्हणाली तेव्हा मी आईला विचारलं, लवण म्हणजे काय. आईनं माझ्या गुडघ्यामागच्या खळग्यात बोट टेकवलं आणि म्हणाली, "ही."

मामा सैन्यात हवालदार होता, पोस्टिंग ईशान्येला. मामी आठ महिन्यांपूर्वी गेली होती. निलूच्या वेळी बाळंतपणात तिला फार रक्तस्राव झाला होता आणि तालुक्याच्या गावातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात कुणाचं तरी विकतचं रक्त चढवलं होतं. ते कुणाचं, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही; बाई वाचली यातच सगळे खूश. त्या रक्तातून मामीला झालं आणि तिच्या दुधातून निलूला. मामाची तपासणी स्वच्छ निघाली. ते सांगताना तो इतका रडला की बाबा उठून बाहेर गेले. दिल्लीतल्या मोठ्या इस्पितळात निलूचं रक्त पुन्हा तपासलं. डॉक्टरांनी सांगितलं की विषाणू मेंदूपर्यंत गेलाय, पाय त्यामुळेच ताठ झालेत. औषधं परदेशात आहेत, इथे ती आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली नाहीत. फिजिओथेरपी करा, अंडी-दूध द्या, ताप आला की लगेच आणा. निलूला आमच्याकडे सोपवून मामा पोस्टिंगवर परतला.

रिपोर्ट आईनं कपाटात तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीखाली ठेवला. रोगाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. आई "तिचं ते" म्हणायची, बाबा तेवढंही नाही. शेजारी पोलिओ म्हणून सांगितलं. भाटिया आंटी हळहळल्या, "बेचारी. गाँव में ड्रॉप्स नहीं पिलाए होंगे." आणि लगेच घरात जाऊन तिच्यासाठी वाटीभर खीर घेऊन आल्या. निलूनं ती ओसरीत बसून बोटांनी चाटून संपवली. ती वाटी घासून परत देताना मला पहिल्यांदा भीती वाटली. रोगाची नाही. उद्या कळलं तर ही बाई आपल्या वाटीचं काय करील, याची.

कौर मॅडम दोन गल्ल्या सोडून राहायच्या. सैन्याच्या इस्पितळात वर्षानुवर्षं फिजिओथेरपिस्ट होत्या आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या गॅरेजमध्येच आपलं केंद्र थाटलं होतं. त्यांची नवी कोरी मारुती बाहेर उन्हात उभी असायची आणि गाडीच्या जागेत एक उंच टेबल, भिंतभर आरसा, चालायला शिकवायचे दोन समांतर दांडे आणि एक मोठा लाल चेंडू. सात मुलं यायची. त्यांच्या आया प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून स्वेटर विणायच्या आणि एकमेकींच्या मुलांची प्रगती मनातल्या मनात मोजायच्या. आईची शाळा असल्यामुळे निलूला मीच न्यायची, पाठुंगळीला घेऊन. मॅडम तिला टेबलावर झोपवायच्या, एक हात गुडघ्यावर, दुसरा टाचेखाली, आणि आपल्या साऱ्या वजनानं सावकाश पाय सरळ करत जायच्या. निलू ओरडायची. मॅडमचा चेहरा हलायचा नाही. "रोना है तो रो, पुत्तर. टाँग तो सीधी होगी." मला म्हणायच्या, "रोज़ करना है. एक दिन छोड़ा तो दो दिन पीछे. और लंबा छोड़ दिया, तो फिर मेरे पास मत लाना, फिर भगवान के पास भी ये नहीं खुलेगी."

आईनं मॅडमनाही खरं सांगितलं नव्हतं. मी दोनदा म्हटलं, सांगू या. आई म्हणाली, "सांगू आणि उद्यापासून येऊ नका म्हणाल्या तर कुठे नेऊ तिला? तूच सांग."

हिवाळा नुकता सुरू झाला होता. निलूचा खालचा दात काही दिवस हलत होता आणि ती दिवसभर जिभेनं त्याला ढकलत बसायची. त्या दिवशी टेबलावर मॅडमनी ताण दिला तेव्हा तिनं दातओठ आवळले आणि दात पडला. तोंडात रक्त आलं. दात घशात जाईल म्हणून मॅडमनी पटकन तिच्या तोंडाकडे हात नेला. त्यांच्या बोटाला पट्टी होती. आल्या आल्याच त्यांनी सांगितलं होतं, सकाळी सरसोंची भाजी चिरताना सुरी लागली, चांगलंच खोल गेलंय.

मी ओरडले, "मॅडम, हाथ मत लगाइए!"

त्या थांबल्या. "क्यों?"

काहीही सांगता आलं असतं. ती चावते, तुमच्या बोटाला लागेल, हात धुतलेले नाहीत. सतरा वर्षांच्या मुलीला एवढं खोटं सहज सुचायला हवं होतं. पण मला त्या पट्टीशिवाय काही दिसत नव्हतं. मी ते नाव घेतलं. आमच्या घरात इतके महिने कुणी न उच्चारलेलं नाव त्या गॅरेजमध्ये, चार आयांच्या समोर, माझ्या तोंडून मोठ्यानं बाहेर पडलं. विणायच्या सुया थांबल्या. एक बाई उठली, दांड्यांमध्ये उभ्या असलेल्या आपल्या मुलाला तिनं उचललं आणि त्याचे बूट तिथेच टाकून निघून गेली.

कौर मॅडम नळाशी गेल्या, साबणानं हात धुतले, परत आल्या, हातमोजे चढवले आणि निलूच्या हिरडीवर कापूस धरला. दात कागदात गुंडाळून तिच्या मुठीत दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पहले बताना था. मैं मना नहीं करती. दस्ताने पहन लेती, बस."

आठवडा संपता संपता त्यांच्याकडे सातातली दोन मुलं उरली. आमची कामवाली निरोप न देता यायची थांबली. भाटिया आंटींनी भिंतीवर तारेची जाळी लावून घेतली. माकडं येतात, म्हणाल्या. रविवारी दुपारी कौर मॅडम स्वतः आमच्याकडे आल्या. खाटेवर बसल्या आणि आधी पाणी मागून घेतलं, पेलाभर, शेवटच्या घोटापर्यंत सावकाश प्यायल्या. ते त्या आम्हाला दाखवायला पीत होत्या, हे आम्हा सगळ्यांना कळलं. "भाभीजी," त्या आईला म्हणाल्या, "मैं इसे अब वहाँ नहीं ले सकती. पाँच बच्चे घर बैठ गए हैं. उनकी टाँगें भी टाँगें ही हैं." आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू इधर आ. हाथ दिखा."

पुढचे आठ दिवस त्या रोज दुपारी मागच्या दारानं येत आणि मला शिकवत. माझ्या हातांवर आपले हात ठेवून कुठे धरायचं, किती जोर, कधी थांबायचं, दुखण्याचं ओरडणं कुठलं आणि इजेचं कुठलं. नवव्या दिवशी त्या आल्या नाहीत. येणार नाहीत हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. त्यांना वाईट म्हणायला मी आयुष्यात बरीच वर्षं घालवली. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाजवळ येत चाललंय आणि तो राग कुठे ठेवावा ते समजत नाही.

त्यानंतर सव्वातीन वर्षं मी ते केलं. आई शाळेला गेली की सतरंजी घालायची, निलूला आडवं करायचं, पाऊण तास. बाबांनी कारखान्यातून प्लायवूडचा एक उभा फळा करून आणला. त्याला पट्टे होते. त्यात निलूला बांधून अर्धा तास उभं ठेवायचं आणि समोर टीव्ही लावायचा. ती माझा तिरस्कार करायला लागली. घरी कुणी आलं की सांगायची, "ताई वाईट आहे. ताई पाय मोडते." जेवताना माझ्या शेजारी बसायची नाही. पण एका दिवाळीत अंघोळ घालून तिला मोरीच्या दाराशी उभं केलं, तर फरशीवर पाणी होतं आणि त्यात तिच्या पूर्ण पावलाचा ठसा उमटला, टाचेसकट. आई कढईतली चकली सोडून धावत आली. भिंत धरून निलू दारापासून फाटकापर्यंत चालायला लागली. चौदा पावलं. मला शेजारच्या मुली सिनेमाला बोलवायच्या बंद झाल्या होत्या आणि माझं बीए पत्राद्वारे चाललं होतं, पण ती चौदा पावलं माझी होती.

मग तिला क्षय झाला. तीन आठवडे इस्पितळात. पलंगावरची चादर बदलायची तर ती आम्हीच बदलायची, जेवणाचं ताट बाहेरूनच आत सरकवलं जायचं. नऊ वर्षांच्या मुलीचं वजन तेरा किलो. शेवटी एका तरुण डॉक्टरनं आईला बाजूला घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, त्याचे डोळे लाल होते. "घर ले जाइए. दवा चालू रखिए. बाकी जो खाने का मन हो, खिलाइए." आईनं विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, "दिन ही समझिए."

घरी आणल्याच्या दुसऱ्या सकाळी मी सवयीनं सतरंजी घातली. आई रजेवर होती, पोळ्या लाटत होती. इस्पितळात तीन आठवडे पाय हललेच नव्हते. मी गुडघ्यावर हात ठेवला आणि निलू अशी ओरडली की आई पिठाचे हात घेऊन धावत आली.

"ताई, नको. नको ना. सोड."

"मेधे, सोड तिला," आई म्हणाली.

"आई, आज नाही केलं तर..."

"तर काय? काय होईल?" आईचा आवाज फाटला. "पाय सरळ करून कुठे पाठवायचीय तिला? चार दिवस राहिलेत, तेही रडवणार आहेस? सुखानं जाऊ दे की पोरीला."

बाबा दारात उभे होते. त्यांनी तो प्लायवूडचा फळा उचलला, जिन्यानं गच्चीवर नेला आणि पाण्याच्या टाकीमागे ठेवून दिला. खाली आले तेव्हा त्यांच्या शर्टाला चुना लागला होता. मी हात काढला. निलूनं गुडघे पोटाशी घेतले आणि कुशीवर वळली. आईनं तिच्या गुडघ्यांखाली उशी सरकवली. तशी ती शांत झाली आणि मला माहीत होतं की ती उशी तिथे असायला नको.

इथे मी थांबून एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर हे सारं लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. सव्वातीन वर्षांत पहिल्यांदा सकाळचा पाऊण तास माझा होता. पहिले काही दिवस मी तिच्याजवळ नुसती बसायची, तिला गूळ-तूप-पोळीचा लाडू भरवायची. ती माझ्याकडे बघून हसायला लागली. महिना गेला. ती गेली नाही. क्षयाची औषधं लागू पडली, ताप उतरला. दुसऱ्या महिन्यात मी सेक्टर मार्केटमध्ये कॉम्प्युटरचा क्लास लावला, सकाळचा. त्या सुमारास सगळेच लावत होते. जाताना मी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट करायची आणि पांघरुणाखाली गुडघे किती दुमडलेत ते मला हाताला कळायचं. आज थोडे जास्त. परवापेक्षा आणखी. मी घरात बोलले नाही. बोलले असते तर सुरू करावं लागलं असतं, आणि मरणाऱ्या मुलीला पुन्हा छळायचं धैर्य माझ्यात नाही असं मी स्वतःला सांगत होते. आम्ही सगळे तिच्या मरणाची इतकी नीट व्यवस्था करून बसलो होतो की ती जगतेय हे आमच्या लक्षातच यायला तयार नव्हतं. वर्षभरात तिचे गुडघे काटकोनात मिटले. मला गुडगावला एका काचेच्या इमारतीत नोकरी लागली.

पुढची तीन वर्षं मी नीटशी सांगू शकत नाही. ती पलंगावर, नाहीतर बाबांनी आणलेल्या चाकाच्या खुर्चीत. आई तिला घरीच शिकवायची आणि ती भराभर शिकायची. आजारी पडायची, उठायची, पुन्हा पडायची. मग सरकारी इस्पितळात औषधं फुकट मिळू लागली. आम्ही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबांचा विश्वास बसला नाही. त्यांनी रजा टाकून स्वतः जाऊन चौकशी केली. गोळ्या सुरू झाल्यावर सहा महिन्यांत तिचे गाल भरले. फ्रॉक आखूड झाले. तिची उंची वाढत होती, पण ती उभीच राहू शकत नसल्यामुळे ते कुणाला दिसत नव्हतं.

(निलू हे तिचं नाव नाही. तिनं हे प्रकरण वाचलंय. नाव बदल, म्हणाली, बाकी कशाला हात लावू नकोस. ती नोएडात राहते, सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेते, ऑनलाइन गणित शिकवते आणि माझ्यापेक्षा चांगली मराठी बोलते.)

ती चौदा वर्षांची असताना त्या इस्पितळात एक नवी फिजिओथेरपिस्ट आली, जेमतेम माझ्या वयाची. तिनं निलूच्या गुडघ्याला कोनमापक लावला, मोजलं, पुन्हा मोजलं. मग फाईल मागे मागे चाळत गेली. तिथे क्षयाच्या वेळचा एक जुना कागद होता: भिंत धरून चालते, घरी रोज थेरपी. "ये तो चलती थी," ती म्हणाली. "थेरपी बंद क्यों की?" मी म्हटलं, बहुत बीमार थी. तिनं फाईल मिटली. सर्जनना दाखवून बघा, म्हणाली. आम्ही तिघांना दाखवलं. दोघांनी फाईलवरचं रोगाचं नाव वाचून पुढची तारीख दिलीच नाही. तिसऱ्यानं स्पष्ट सांगितलं की आता फार उशीर झालाय, शिरा आखडल्यात, जबरदस्तीनं सरळ केलं तर पायाला रक्त पोचणार नाही.

त्या तिसऱ्या डॉक्टरकडून आम्ही परत येत होतो. बाबा गाडी चालवत होते, निलू आणि मी मागे. बदरपूरला नेहमीसारखा ट्रकांचा जाम लागला होता आणि गाडी अर्धा तास जागची हलली नव्हती. निलू खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेरच बघत तिनं विचारलं,

"ताई, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं ना, की मी मरणार?"

"हो."

"तुला पण?"

"हो, निलू."

ती बाहेरच बघत राहिली. मला ते असह्य झालं. मी म्हटलं, "तू फार ओरडलीस गं त्या दिवशी. सोड म्हणालीस. फार दुखत होतं तुला."

"ओरडायचे तर मी रोजच," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. गणित समजावून सांगावं तसं सांगत होती. "मी कितीही ओरडले तरी तू थांबायची नाहीस. त्या दिवशी थांबलीस. फळा पण वर नेला काकांनी. तेव्हाच मला कळलं, आपण मरणार आहोत. मग मी वाट बघत पडून राहिले."

समोरचा ट्रक हलला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, पण त्यांनी गाडी पुढे घेतली नाही.